वादळात नांगर टाकायची जागा : देवगड बंदर आणि थांबण्याचा हिशेब

मालेगावपासून समुद्र लांब आहे. मोसम आणि गिरणा या दोन नद्या सोडल्या तर आपल्या शहराचा पाण्याशी संबंध नळ केव्हा येतो एवढ्यापुरताच, असे आमचे काही वाचक म्हणतील आणि व्यापार-उद्योगाच्या पानावर कोकणातल्या एका खाडीची हकिगत कशासाठी, असेही विचारतील. विचारणे रास्त आहे. पण आपल्या बाजारात विकला जाणारा बोंबील, जवळा आणि सुकट समुद्रातूनच येते. आपल्या मागांवर विणलेले काही कापड मुंबईच्या निर्यातदारामार्फत न्हावा शेवाहून जहाजावर चढते. आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये अरबी समुद्रात 'क्यार' नावाचे चक्रीवादळ उठले, त्या सुमाराच्या अवकाळी पावसाने नाशिक जिल्ह्यातली द्राक्षे आणि कांदा कसा झोपवला, त्यानंतर कांद्याने शंभरी कशी ओलांडली, हे आपण सर्वांनी पाहिलेच आहे. समुद्रात काय चालले आहे याची खबर ठेवणे हा आपल्याही धंद्याचा भाग आहे.

आज आम्हाला सांगायचे आहे ते वादळात थांबण्याबद्दल. बोट कोठे थांबते, का थांबते, थांबल्याचा खर्च किती आणि तो शेवटी कोणाच्या खिशातून जातो, हा प्रश्न जितका तांडेलाचा तितकाच व्यापाऱ्याचा आहे.

अडुसष्ट नौका

नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस कन्याकुमारीजवळच्या समुद्रात 'ओखी' हे चक्रीवादळ तयार झाले. ते फार झपाट्याने वाढले. खोल समुद्रात अनेक दिवसांच्या मासेमारीसाठी गेलेल्या कित्येक बोटींना इशारा मिळालाच नाही, कारण मोबाइल किनाऱ्यापासून थोड्या अंतरापर्यंतच चालतो आणि वायरलेस सेटची मर्यादाही ठरलेली असते. केरळ आणि तामिळनाडूचे शेकडो मच्छीमार त्या वादळात मरण पावले किंवा कायमचे बेपत्ता झाले.

त्याच दिवसांत, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्याला ६८ नौका येऊन लागल्या. त्यांत ६६ केरळच्या आणि २ तामिळनाडूच्या होत्या. त्यांवर मिळून ९५२ माणसे होती, म्हणजे बोटीमागे सरासरी चौदा. हा आकडा महाराष्ट्र सरकारने जाहीर केला आणि वादळ सरेपर्यंत त्यांची व्यवस्था पाहण्यास जिल्हा प्रशासनाला सांगितले. ज्या बंदराने त्यांना पोटात घेतले ते देवगड होय.

हापूस आंब्यामुळे देवगडचे नाव आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. पण समुद्रावर पोट भरणाऱ्यांना ते वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. गुजरातपासून केरळपर्यंत या किनाऱ्यावर फिरणाऱ्या बोटींच्या तांडेलांना हवा बिघडली की जी मोजकी नावे आठवतात, त्यांत देवगड आहे. विजयदुर्ग, जयगड, दाभोळ, दिघी ही दुसरी. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाला आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात परराज्यांतल्या बोटी इथे आसऱ्याला येतात.

यातली एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. कर्नाटकातल्या मलपीचे मोठे वेगवान ट्रॉलर सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळ येऊन मासळी खरवडून नेतात, ही स्थानिक मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीचे नियमन राज्याच्या हाती आहे, त्यासाठी १९८१ चा कायदाही आहे, तरी भांडणे मिटलेली नाहीत. हवा चांगली असते तेव्हा या बोटी पकडा म्हणून देवगडची माणसे सरकारकडे तक्रारी करतात. हवा फिरली की त्याच राज्यांच्या बोटी त्याच बंदरात नांगर टाकतात आणि कोणी त्यांना बाहेर काढत नाही. संकटात आलेल्या गलबताला बंदर नाकारायचे नाही, हा रिवाज कोणत्याही सरकारी कायद्याहून जुना आहे.

आसरा कसा तयार होतो

बंदर म्हटले की धक्का, क्रेन आणि गोदाम डोळ्यांपुढे येते. वादळातल्या आसऱ्याला यातले काहीच लागत नाही. त्याला लागते ती जमिनीची ठेवण.

कोकणच्या किनाऱ्यावर काळ्या आणि जांभ्या दगडाची टेकाडे जागोजाग समुद्रात घुसली आहेत आणि त्यांच्या मागे खाड्या आत वळल्या आहेत. देवगडला किल्ल्याचे टेकाड असेच पुढे आले आहे. नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येणारी लाट आधी त्यावर आपटते. जी लाट टोकाला वळसा घालून आत शिरते तिचा जोर वळताना मोडतो. त्यामुळे टेकाडाच्या एका बाजूला समुद्र फेसाळत असतो आणि दुसऱ्या बाजूला बोटी नुसत्या डुलत असतात. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी रत्नागिरी जिल्ह्याचे गॅझेटियर तयार केले, त्यातही देवगडची नोंद चहूकडून जमिनीने वेढलेले शांत बंदर अशीच आहे. किल्ल्यावर आता दीपगृह आहे. रात्री येणाऱ्याला तोंड कोठे आहे हे त्यावरून कळते.

दुसरी गोष्ट तळाची. नांगर खडकात अडकतो किंवा घसरतो, सैल वाळूत ओढला जातो, पण घट्ट चिखलात चांगला बसतो. आणि नांगर नुसत्या वजनावर बोट धरत नाही. तो आडवा ओढला गेला तरच तळात रुततो, म्हणून पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट दोर सोडावा लागतो. म्हणजे पाच मीटर पाण्यात उभ्या बोटीला पंचवीस ते पस्तीस मीटर दोर हवा. वारा फिरला की बोट त्या दोराच्या त्रिज्येने गोल फिरते. आता वाचकांनीच हिशेब करावा की लहानशा खाडीत अशी किती वर्तुळे एकमेकांना न शिवता मावतील. जागा संपली की तांडेल दोर आखडता घेतात किंवा बोटीला बोट बांधतात. शांत हवेत ते चालते. वादळात मात्र एकीचा दोर तुटला की ती शेजारच्या चारांवर जाऊन आदळते.

तिसरी गोष्ट वाऱ्याच्या दिशेची, आणि इथे अनुभवी माणसेही फसतात. आपल्याकडे चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. वादळ कोकणासमोरून दक्षिणेकडून उत्तरेला सरकत असेल तर किनाऱ्यावर वारा आधी आग्नेयेकडून, मग दक्षिणेकडून आणि वादळ पुढे गेल्यावर नैऋत्येकडून येतो. सकाळी जी बाजू आडोशाची होती ती संध्याकाळी उघडी पडू शकते. वरून पाऊस कोसळत असेल तर खाडीला मिळणारी नदी फुगते आणि वाऱ्याच्या उलट दिशेने बोट ढकलू लागते. सबब एकदा आत शिरलो म्हणजे सुटलो, असे होत नाही. थांबलेल्या बोटीवरही रात्रभर कोणीतरी दोरावर हात ठेवून जागे असावे लागते.

या विद्येतले शब्द पाहिले तर आमच्या वाचकांना ते परके वाटणार नाहीत. बंदर हा शब्द फारसी. कोकणातला नाखवा म्हणजे मूळचा नाखुदा, तोही फारसीच. सुकाणू आला अरबी सुक्कानवरून. आंग्र्यांच्या आरमारातली गुराब म्हणजे अरबीत कावळा. आणि ज्या वाऱ्याच्या भरवशावर हा सारा व्यापार चाले, त्या मान्सूनचे नाव 'मौसिम', म्हणजे ठरलेला हंगाम, या अरबी शब्दातून निघाले. आपल्या नदीच्या नावाशी त्याचे नाते आहे की नुसते नादसाम्य, या वादात आम्ही शिरत नाही. अरब, कोकणी आणि गुजराती दर्यावर्दी एकाच समुद्रावर वावरत होते, एकमेकांचे शब्द वापरत होते आणि हवा फिरली की कोठे शिरायचे हेही एकमेकांना विचारत होते, एवढे यावरून दिसते. आजही रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात आणि राजिवड्यात मुस्लिम नाखवे आहेत, देवगडला प्रामुख्याने गाबित समाज आहे, आणि बोटींवरचे खलाशी अनेकदा नेपाळहून आलेले असतात. हिमालयाकडची माणसे अरबी समुद्रात जाळी ओढतात, ही रोजीरोटीची गंमतच म्हणायची.

आसऱ्यातही धोका

देवगडची इतकी तारीफ केल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' चक्रीवादळ कोकणासमोरून गुजरातकडे गेले. त्या वेळी देवगडच्याच आनंदवाडी बंदरात नांगरून ठेवलेल्या दोन बोटी बुडाल्या. त्यांवर सात खलाशी होते. एकाचा मृत्यू झाला आणि तिघे बेपत्ता झाल्याचे सरकारने जाहीर केले. या बोटी समुद्रात नव्हत्या, बंदरात होत्या. आनंदवाडीला नीट मच्छीमार बंदर व्हावे ही मागणी कित्येक वर्षांची, आणि त्या कामाची रखडकथाही तितकीच जुनी.

दुसरे दुखणे गाळाचे. डोंगरावरची माती पावसाबरोबर खाडीत येते, समुद्र वाळू आणून तोंडाशी टाकतो आणि मुखाजवळ वाळूचा बांध तयार होतो. दक्षिण कोकणात भरती-ओहोटीचा फरक साधारण दोन मीटरचा. मोठी बोट भरतीलाच आत येऊ शकते, ओहोटीला तिला बाहेर लाटांत ताटकळावे लागते, आणि नेमके तेच तास जिवावर बेततात. हर्णै हे मासळीच्या लिलावासाठी नावाजलेले बंदर. पण ते उघडे आहे. वारा वाढला की तिथल्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीकडे धावतात. त्या खाडीच्या मुखाशी साचलेल्या गाळात आसऱ्याला निघालेल्या बोटी रुतून फुटल्या आहेत. घराच्या उंबऱ्यावर ठेच लागावी तसा हा प्रकार. गाळ काढण्याचे काम दिखाऊ नाही, त्याचे उद्घाटन करता येत नाही, म्हणून ते मागे पडते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि इशाऱ्याचे काय? बंदरावर बावटे लावण्याची पद्धत जुनी आहे. वर्तमानपत्रांत 'तीन नंबरचा बावटा' असे आपण वाचतो, त्याचा अर्थ त्या बंदराला वादळी वाऱ्याचा धोका आहे, सावध राहा. एक आणि दोन नंबर म्हणजे दूर समुद्रात गडबड आहे. पाच ते सात धोका, आठ ते दहा महाधोका, आणि अकरा म्हणजे हवामान खात्याशी संपर्कच तुटला. बाहेर असलेल्या बोटीला हा बावटा दिसत नाही. 'फयान' वादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी कोकणावरून गेले तेव्हा ते इतक्या थोड्या वेळात वाढले की रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या अनेक बोटींना परतायला अवधीच मिळाला नाही. त्यानंतरच्या वर्षांत अंदाज पुष्कळ सुधारला. क्यार आणि तौक्तेचा इशारा काही दिवस आधी मिळाला होता.

परंतु इशारा मिळणे वेगळे आणि निघणे वेगळे. तौक्तेच्याच वेळी मुंबईसमोरच्या तेलक्षेत्रात कामगारांच्या राहण्याचा 'पी-३०५' हा तराफा होता. त्यावर २६१ माणसे होती. त्याला स्वतःचे इंजिन नव्हते, टग लावून ओढावे लागे. इशारा येऊनही तो बंदरात न आणता तेलविहिरीच्या फलाटापासून थोड्या अंतरावर हलवून नांगरून ठेवला गेला. वादळात नांगर तुटले, तराफा वाहत जाऊन एका निर्मनुष्य फलाटावर आदळला आणि १७ मे रोजी बुडाला. तो आणि 'वरप्रदा' हा टग मिळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. मुंबईचे बंदर तिथून काही तासांच्या अंतरावर होते.

ओखीतले ९५२ मच्छीमार देशातल्या अगदी साध्या नौकांवर होते. पी-३०५ वर तेलधंद्याचा पैसा होता, यंत्रे होती, फोन होते. फरक पडला तो वेळेवर आसऱ्याला निघण्याने.

थांबण्याचा खर्च

मग माणसे वेळेवर का निघत नाहीत? तांडेल मूर्ख नसतो. त्याच्या डोक्यात हिशेब चालू असतो.

खोल समुद्रात जाणारी बोट निघते तेव्हा तिच्यात डिझेल, बर्फ, पाणी आणि शिधा भरलेला असतो. हा सगळा खर्च आधी होतो आणि तो बहुधा उचलीतून होतो. मासळी विकत घेणारा व्यापारी बोटमालकाला आगाऊ रक्कम देतो आणि त्या बदल्यात माल त्यालाच, बरेचदा त्याच्याच भावाने, घालावा लागतो. बोट देवगडला चार दिवस थांबली तर बर्फ वितळतो, पकडलेली मासळी उतरते, खलाशी खातातच, आणि परत बाहेर पडायला डिझेल पुन्हा भरावे लागते. परक्या बंदरात ते उधारीवर मिळत नाही. वाट्यावर काम करणाऱ्या खलाशाला मासळी नाही म्हणजे वाटाही नाही. महिन्याच्या पगारावरच्या खलाशाचा पगार मालकाच्या अंगावर पडतो. अशा वेळी किनाऱ्यावरून फोन येतो की माल कधी देतोस, दुसऱ्या बोटी तर आल्या.

हा फोन करणारा व्यापारी समुद्रावर नसतो. तो गादीवर असतो. त्याला ती खाडी, ते दोर, तो आग्नेयेचा वारा काही दिसत नाही. त्याला दिसते ती त्याची अडकलेली रक्कम आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दिलेला शब्द. त्या फोनमुळे एखादा तांडेल अर्धा दिवस आधी नांगर उचलतो. वादळ सरते तेव्हा समुद्र लगेच शांत होत नाही. वारा पडल्यावरही मोठ्या लाटा दीड-दोन दिवस येत राहतात, आणि खाडीच्या मुखाशी उथळ पाण्यात त्याच सर्वांत वाईट फुटतात.

मालेगावच्या यंत्रमागधारकांना हा पेच नवा नाही. मंदीत कापडाचे ढीग साचतात, सुताचा भाव चढलेला असतो, आणि काही दिवस माग बंद ठेवावेत असा निर्णय आपल्या शहराने एकदा नव्हे अनेकदा घेतला आहे. त्या दिवसांत कारखानदाराचे व्याज चालू राहते आणि विणकर मजुराची मजुरी थांबते. थांबणे शहाणपणाचे असते हे सगळ्यांना मान्य, पण थांबण्याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. ज्याच्या हातावर पोट आहे तो पहिल्या दिवशीच घायकुतीला येतो. बोटीवरही तेच होते. फरक असा की मागावरचा मजूर घाईने कामाला लागला तर त्याचा जीव जात नाही.

म्हणून जे व्यापारी बोटमालकाला उचल देतात त्यांनी खराब हवेचे दिवस परतफेडीच्या मुदतीतून वगळावेत, असे आम्ही सुचवतो. बावटा लागला ते दिवस मोजू नयेत. याने कोणाचे दिवाळे निघत नाही. कोकणात हंगामभरात असे दिवस येणारच हे ठाऊक असते, ते भावात धरता येतात. नाही तरी जून आणि जुलै हे दोन महिने, १ जून ते ३१ जुलै, महाराष्ट्रात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असतेच आणि ते सगळेजण हिशेबात धरतात. जे साठ दिवसांसाठी जमते ते आणखी सहा-आठ दिवसांसाठी जमू नये असे नाही. सुक्या मासळीचा धंदा करणाऱ्या आपल्या भागातल्या दुकानदारांनीही नोव्हेंबरची मागणी नोंदवताना 'अमुक तारखेला पाहिजेच' असा हट्ट न धरता दहा दिवसांची सवड ठेवावी. सुकट काही नासकी वस्तू नव्हे.

मोठ्या जहाजाने आसरा घेतला तर

आतापर्यंत मासेमारीचे झाले. आता ज्यांचे कापड जहाजाने जाते त्यांच्याविषयी, कारण या बाबतीत आपल्याकडे अज्ञान फार आहे.

वादळात किंवा यंत्र बिघडल्यावर जहाज, मालासह सर्वांच्या बचावासाठी, वाटेतल्या एखाद्या बंदरात शिरते. जहाजधंद्यात त्याला आश्रयाचे बंदर म्हणतात. तिथे शिरण्याचा खर्च, बंदराची फी, थांबलेल्या दिवसांचे खलाशांचे पगार आणि इंधन, हे सारे कोणी द्यायचे? वाचकांना वाटेल, जहाजमालकाने. नियम तसा नाही. तो खर्च सर्वांच्या भल्यासाठी झाला, म्हणून जहाजमालक आणि जहाजावरचे सर्व मालधनी आपापल्या मालमत्तेच्या किमतीच्या प्रमाणात तो उचलतात. जहाज हलके करण्यासाठी काही माल समुद्रात टाकला तर त्याचेही नुकसान असेच वाटले जाते. याला 'जनरल अ‍ॅव्हरेज' म्हणतात. नियम फार पुरातन आहे. माल फेकून जहाज वाचवले तर तोटा कसा वाटायचा याची चर्चा इस्लामी फिक्हच्या जुन्या ग्रंथांतही आहे. इतकेच काय, 'अ‍ॅव्हरेज' हा शब्दच नुकसान या अर्थाच्या 'अवार' या अरबी शब्दावरून युरोपीय भाषांत गेला, असे भाषापंडित मानतात.

उदाहरणाने सांगतो. समजा जहाज आणि त्यावरचा माल मिळून १०० कोटींची मालमत्ता आहे आणि आश्रयाच्या बंदराचा मान्य खर्च १ कोटी झाला. म्हणजे शेकडा एक. तुमचे कापड २० लाखांचे असेल तर तुमच्या वाट्याला २० हजार रुपये येतील. कापडाला पाण्याचा थेंबही लागलेला नसला तरी येतील. ते किंवा त्यांची हमी दिल्याशिवाय जहाज कंपनी माल सोडत नाही, आणि कायद्याने तिला तसा हक्क आहे. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे जहाज सुएझ कालव्यात अडकले, तेव्हा त्याच्या मालकाने जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर केले होते आणि हजारो मालधन्यांना हा शब्द पहिल्यांदा कळला.

मालाचा सागरी विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते. विम्याच्या 'ए', 'बी' आणि 'सी' अशा तीन प्रकारच्या प्रचलित अटी आहेत, त्यांतली सर्वांत स्वस्त 'सी' घेतली तरी जनरल अ‍ॅव्हरेजचा वाटा तीत धरलेला असतो. विमा नसेल तर रोख ठेव भरावी लागते आणि अंतिम हिशेब लागेपर्यंत, कधी कधी काही वर्षे, ती अडकून राहते. विम्याच्या शरई बाजूबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, तो या पानाचा विषय नाही. ज्यांनी विमा न घेण्याचे ठरवले आहे त्यांनी निदान या ठेवीची तजवीज मनात धरून ठेवावी.

एका गोष्टीची भरपाई मात्र कोणताच नेहमीचा विमा देत नाही, आणि ती म्हणजे उशीर. भारताचा सागरी विमा कायदा १९६३ चा आहे. पॉलिसीत वेगळे लिहिले नसेल तर केवळ विलंबामुळे झालेल्या नुकसानीला विमा कंपनी जबाबदार नाही, मग तो विलंब वादळामुळे झालेला का असेना, असे त्यात स्पष्ट आहे. आखाती देशांत ईदच्या बाजारासाठी धाडलेले कापड जहाज दहा दिवस थांबल्यामुळे ईदनंतर पोहोचले तर माल शाबूत आणि गिऱ्हाईक गेलेले, अशी गत होते. तो तोटा संपूर्णपणे व्यापाऱ्याचा.

याला तोड एकच, ती म्हणजे तारीख. अरबी समुद्रात चक्रीवादळे दोन वेळा येतात, मे-जूनमध्ये मान्सूनच्या आधी व सुरुवातीला, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर मान्सून गेल्यावर. निसर्ग जून २०२० चे, तौक्ते मे २०२१ चे, क्यार ऑक्टोबरचे, फयान नोव्हेंबरचे, ओखी नोव्हेंबर-डिसेंबरचे. चंद्राच्या पंचांगामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. ज्या वर्षी ती या महिन्यांच्या मागोमाग येत असेल त्या वर्षी निर्यातदाराला माल दोन-तीन आठवडे आधी द्यावा आणि आधी दिलेल्या मालाचे पैसे कधी मिळणार हे सौद्यातच लिहून घ्यावे. माल जहाजावर चढल्यापासून जोखीम तुमची की खरेदीदाराची, हेही त्याच कागदावर असते. 'एफओबी' सौद्यात माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराकडे जाते. 'सीआयएफ'मध्येही जोखीम तिथेच बदलते, पण भाडे आणि विमा विकणाऱ्याने भरायचा असतो. आपल्या कापडावर कोणता सौदा लागू आहे हे निर्यातदाराला विचारायला मालेगावचा व्यापारी संकोचतो, असा आमचा अनुभव आहे. विचारावे. कागदाची एक प्रत मागून घ्यावी आणि बिलाबरोबर लावून ठेवावी.